एंझाइम-अनुकारी धातुसंयुगे

धातुयुक्त एंझाइमांच्या क्रियाकेंद्राची रचना किंवा कार्य यांचे अनुकरण करण्यासाठी प्रयोगशाळेत बनवलेली जटिल संयुगे. ज्ञात एंझाइमांपैकी सुमारे एक-तृतीयांश एंझाइमांना धातूची गरज असते. प्रथिनाची लांबलचक साखळी वगळून धातू आणि त्याचा निकटचा परिसर तेवढा उभा करणे, हा या संशोधनाचा गाभा होय. 'जैव-अनुकारी रसायनशास्त्र' ही संज्ञा रोनाल्ड ब्रेस्लो यांनी 1972 मध्ये रूढ केली.

रचनेची तत्त्वे : धातूचा स्वभाव त्याला धरून ठेवणाऱ्या लिगंडांवरून ठरतो. कार्बॉनिक अनहायड्रेज या एंझाइमात जस्ताला हिस्टिडिनांचे तीन नायट्रोजन धरतात. चौथ्या जागी पाणी असते. जस्तामुळे त्या पाण्यातला प्रोटॉन सहज सुटतो आणि उरलेला हायड्रॉक्साइड कार्बन डाय-ऑक्साइडावर हल्ला करतो. जपानमधील एइची किमुरा यांनी तीन नायट्रोजन असलेल्या वलयी लिगंडात जस्त बसवून हाच गुण मिळवला.

धातूला थेट न जोडलेला परिसरही तितकाच निर्णायक असतो. हायड्रोजन तयार करणाऱ्या हायड्रोजिनेज या एंझाइमावरून स्फुरलेल्या निकेल-संयुगात डॅनियल दुबॉइस यांच्या गटाने धातूजवळ अमाइन ठेवले. ते प्रोटॉनांची ने-आण करते. 2011 मध्ये या संयुगाने सेकंदाला एक लाखाहून अधिक हायड्रोजन रेणू तयार केल्याची नोंद झाली.

ऑक्सिडीकरण घडवणाऱ्या सायटोक्रोम पी-450 या लोहयुक्त एंझाइमाचे अनुकरण करून जॉन ग्रोव्हज यांनी 1979 मध्ये लोह-पॉर्फिरिनाच्या साहाय्याने अल्कीनांचे एपॉक्साइडात रूपांतर केले.

महाराष्ट्रातील कार्य : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) पॉल रत्नसामी व रॉबर्ट राजा यांनी 1990 च्या दशकात झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या पोकळ्यांत धातू-थॅलोसायनिने बसवून ती ऑक्सिडीकरणासाठी वापरली. पोकळीत एकटे पडलेले संयुग शेजारच्या संयुगाला नष्ट करू शकत नाही. याच प्रयोगशाळेत सायम सेनगुप्ता यांच्या गटाने पेरॉक्सिडेजसारखी वागणारी, अधिक टिकाऊ लोहसंयुगे घडवली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील के. इंदिरा प्रियदर्शिनी व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हळदीतील कुर्कुमिनाचे तांब्याशी संयुग करून त्याचे सुपरऑक्साइड डिसम्यूटेजसारखे (सुपरऑक्साइड नष्ट करणाऱ्या एंझाइमासारखे) कार्य तपासले. आयआयटी मुंबईत अर्णब दत्ता यांचा गट कोबाल्ट-संयुगांना अमिनो आम्ले जोडून हायड्रोजननिर्मितीचे उत्प्रेरक बनवतो.

मर्यादा : अनेक अनुकारी संयुगे स्वतःच्याच क्रियेत जळून जातात, आणि प्रथिनाइतकी निवडक्षमता त्यांत क्वचितच येते. मात्र लोह, तांबे, निकेल यांसारखे धातू प्लॅटिनमच्या तुलनेत विपुल व स्वस्त आहेत. म्हणून स्वच्छ इंधन आणि सांडपाणी शुद्धीकरण या क्षेत्रांत या संयुगांची खरी कसोटी त्यांच्या वेगाबरोबरच टिकाऊपणावर लागणार आहे.