कोरी पट्टी

प्रयोगशाळेतल्या पहिल्याच वर्षी एका कोऱ्या पट्टीने माझे दोन महिने खाल्ले. उंदराच्या पेशींमध्ये मी एलडीएल रिसेप्टर शोधत होतो. रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण पकडून पेशीत घेणारे हे प्रथिन. ते दाखवण्यासाठी हाताशी होते सी-७ नावाचे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. दर वेळी फिल्म धुऊन उजेडात धरायची, आणि दर वेळी ती कोरी. पाणी बदलले, रसायने बदलली, नशिबाला दोष देऊन झाला. शेवटी, जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले: १९८१चा मूळ शोधनिबंध काढून वाचला. सी-७ माणसाचा आणि गाईचा रिसेप्टर ओळखते, उंदराचा नाही. माझ्या पेशींत रिसेप्टर होता, मला तो दिसत नव्हता एवढेच.

चूक माझीच होती. पण त्या निबंधापाशी मी रेंगाळलो, कारण ‘नसणे’ आणि ‘न दिसणे’ यांतला फरक हाच त्याचाही विषय होता.

अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन हे दोघे एका आनुवंशिक आजारामागे लागले होते. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलेल्या मुलांच्या रक्तात कोलेस्टेरॉल नेहमीच्या सहा ते दहा पट असते, आणि काहींना शाळकरी वयातच हृदयविकाराचा झटका येतो. अशा मुलांच्या त्वचेचा कणभर तुकडा घेऊन त्यातल्या पेशी या दोघांनी बशीत वाढवल्या आणि त्यांना किरणोत्सारी आयोडीन जोडलेले एलडीएल दिले. निरोगी पेशींनी ते पकडले, या मुलांच्या पेशींनी पकडले नाही. हे १९७४ मधले. रिसेप्टरची कल्पना इथेच रुजली.

पण दार वाजवले आणि कोणी उघडले नाही, एवढ्यावरून घर रिकामे म्हणता येत नाही. आतला माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, किंवा दारापर्यंत येता येता जिन्यातच अडकला असेल. एलडीएल फक्त दार वाजवू शकत होते. घरात शिरून शोधणारे काही तरी हवे होते.

ते केंब्रिजहून आले. तिथे १९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टीन यांनी प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी कर्कपेशीशी जोडली. ही जोडपेशी मरत नाही आणि एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके बनवत राहते. डॅलसमध्ये उलरिके बायसिगेल, वोल्फगांग श्नायडर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना गाईच्या अधिवृक्क ग्रंथीतून काढलेला, अर्धवट शुद्ध केलेला रिसेप्टर टोचला. ही ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून संप्रेरके बनवते, म्हणून तिच्यात रिसेप्टरची चंगळ असते. त्यातून सी-७ निघाले. (उंदराचे शरीर स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध सहसा प्रतिपिंड बनवत नाही. माझे दोन महिने कुठे गेले, ते इथे कळले.)

निरोगी पेशींनी सी-७ धरले, आत घेतले आणि एलडीएलसारखेच पचवले. बऱ्याच रुग्णांच्या पेशींनी ते धरलेच नाही. एका रुग्णाच्या पेशींनी मात्र ते धरले, पण आत घेतले नाही. रिसेप्टर दारात उभा होता, त्याला पाहुण्याला आत नेता येत नव्हते.

खरी गंमत पुढची आहे. पेशींना किरणोत्सारी मेथिओनीन खाऊ घालून, त्या फोडून, सी-७ने रिसेप्टर बाहेर ओढला की त्याचा जन्मापासूनचा प्रवास दिसू लागतो. तो जन्मतो तेव्हा त्याचा भार पट्टीवर सुमारे १,२०,००० दिसतो. मग त्याच्यावरच्या साखरा पक्क्या होतात, तासाभरात भार १,६०,००० दिसतो, आणि तो पृष्ठभागावर पोचतो. १९८३ पर्यंत या गटाने दाखवून दिले की काही रुग्णांत रिसेप्टर बनतो, पण १,२०,०००वरच थांबतो आणि पेशीच्या आतच अडकून राहतो. काहींत पट्टी पूर्ण कोरी. एलडीएलच्या चाचणीत हे दोघे सारखेच दिसले असते. एका नावाखाली अनेक आजार नांदत होते.

प्रतिपिंडांनीच मग जनुकाचाही माग काढून दिला. रिसेप्टर बनवत असलेले रायबोसोम प्रतिपिंडांनी वेचून त्यांवरचा संदेश-आरएनए मिळवला गेला. १९८४ मध्ये मानवी रिसेप्टरची ८३९ अमिनो आम्लांची साखळी वाचून झाली. १९८५चे नोबेल ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांना मिळाले. क्योलर आणि मिलस्टीन यांना ते आदल्याच वर्षी मिळाले होते.

कोऱ्या पट्टीचा आणि अडकलेल्या पट्टीचा फरक आज दवाखान्यात जाणवतो. पीसीएसके-९ हे प्रथिन रिसेप्टरला विघटनाकडे नेते. त्याला रोखणारी प्रतिपिंडे २०१५ मध्ये औषध म्हणून आली. थोडाफार तरी काम करणारा रिसेप्टर असलेल्या मुलांना त्यांचा उपयोग होतो. ज्यांच्यात तो मुळीच काम करत नाही, त्यांना जवळजवळ होत नाही, कारण वाचवायला काही नसतेच. अशा रुग्णांसाठी २०२१ मध्ये अमेरिकेत एव्हिनाकुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते रिसेप्टरला वळसा घालून एलडीएल कमी करते, आणि तेही एक प्रतिपिंडच आहे.