शापिरो विलंब

सूर्याजवळून जाणाऱ्या रेडिओ लहरीला पलीकडे पोचायला किंचित जास्त वेळ लागतो. सूर्याच्या वस्तुमानाने अवकाश-काल वक्र होत असल्यामुळे हे घडते. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन शापिरो यांनी 1964 साली हा उशीर मोजण्याची कल्पना मांडली आणि व्यापक सापेक्षता सिद्धांताला चौथी कसोटी मिळाली. पहिल्या तीन आइनस्टाइन यांनी स्वतःच सुचवलेल्या होत्या.

बुध किंवा शुक्र बहिर्युतीत, म्हणजे सूर्यापलीकडे असताना त्याच्याकडे रडारचे स्पंद पाठवायचे आणि प्रतिध्वनी कधी परततो ते पाहायचे. बुधापर्यंतच्या फेरीला सुमारे 23 मिनिटे लागतात. त्यात शोधायचा उशीर सेकंदाच्या 200 दशलक्षांशांच्या आसपास! तेवढ्या वेळात लहर 60 किलोमीटर जाते. साहजिकच ग्रहाची कक्षा त्याहून बरीच काटेकोर ठाऊक असावी लागते आणि त्याच्या पृष्ठभागावरचे चढउतारही हिशेबात धरावे लागतात. मॅसॅच्युसेट्समधील हेस्टॅकच्या 37 मीटर व्यासाच्या अँटेनाने हे साधले. 1968 साली जाहीर झालेले निष्कर्ष सुमारे 20 टक्के अनिश्चिततेच्या मर्यादेत भाकिताशी जुळले.

पण तेवढ्याने निकाल लागत नव्हता. ब्रान्स आणि डिकी यांचा 1961 चा प्रतिस्पर्धी सिद्धांत तेव्हा जोरात होता आणि डिकी यांच्या पसंतीच्या रूपात तो जेमतेम 7 टक्के कमी उशीर सांगत होता. या दोहोंत निवड केली ती मंगळावर 1976 साली उतरलेल्या व्हायकिंग यानांनी. संदेश मिळताच उलट संदेश धाडणाऱ्या या यानांमुळे डोंगरदऱ्यांची अडचण मिटली, अचूकता 0.1 टक्क्यावर आली आणि आइनस्टाइन टिकले.

सूर्याच्या प्रभामंडलातील विद्युतभारित वायूही लहरींना उशीर लावतो. मात्र तो उशीर वारंवारतेनुसार बदलतो, गुरुत्वाचा बदलत नाही. शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाशी 2002 साली एकाच वेळी वेगवेगळ्या वारंवारतांवर संपर्क ठेवून हा गोंधळ निस्तरला गेला. वेळेऐवजी लहरींच्या वारंवारतेतला सूक्ष्म फरक मोजला गेला आणि सापेक्षतेचे भाकीत लाखात दोन-तीन भागांपर्यंत खरे ठरले. सूर्यमालेतील गुरुत्वाच्या कसोट्यांत हा प्रयोग फार वरच्या दर्जाचा आहे.

आता या विलंबाचा उपयोग तारे तोलण्यासाठी होतो. एका स्पंदकाचे, म्हणजे स्पंद धाडणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे, संदेश जोडीदार श्वेत बटूजवळून येताना किती रेंगाळतात, हे वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक दुर्बिणीने मोजले. त्यावरून 2010 साली स्पंदकाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे दुप्पट निघाले आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अंतरंगाविषयीची कित्येक प्रारूपे बाद झाली.