बोलायची बारी

जुन्या दिल्लीच्या मुशायऱ्यात शमा फिरत असे. ती ज्याच्यासमोर ठेवली जाई त्याने कलाम पेश करायचा, बाकीच्यांनी ऐकायचे. रोजच्या बोलण्यात अशी शमा नसते. तरीही चहाच्या टपरीवर चार माणसे तासभर गप्पा मारतात आणि बहुतेक वेळा एकच जण बोलत असतो. हे कसे जमते, याची पद्धतशीर मांडणी हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफर्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ साली केली. बोलणारा प्रश्न विचारून, नाव घेऊन दुसऱ्याला बारी देतो; दिली नाही तर जो आधी तोंड उघडेल त्याची बारी.

पुढे २००९ साली जगातल्या दहा भाषांतली प्रश्नोत्तरे मोजली गेली. जपानी बोलणारे सर्वांत झटपट, डॅनिश बोलणारे सर्वांत सावकाश निघाले. तरी प्रश्न आणि उत्तर यांतले अंतर साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा! एक शब्द मनात जुळवून ओठांवर आणायलाच अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच आपले उत्तर तयार होऊ लागलेले असते. त्या दहांत मराठी, उर्दू, गोंडी यांपैकी एकही नव्हती.

आम्हा चंद्रपूर-गडचिरोलीकरांचा सवाल इथूनच सुरू होतो. हा हिशेब आपापल्या घरच्या भाषेत बोलणाऱ्यांचा आहे. आमच्याकडे घरात गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, उर्दू. कचेरीत मात्र मराठी. गोंडी माणूस मनातल्या बोलीचे मराठी करीपर्यंत साहेब पुढच्या कागदाकडे वळलेले असतात. आमच्या मोहल्ल्यातल्या खालाजानचेही तेच होते, आणि उर्दू शाळेतून कॉलेजात गेलेल्या मुलीचेही. मग त्या खामोशीचा अर्थ 'मान्य आहे' असा लावला जातो. जंगलाच्या जिल्ह्यात हा अर्थ फार महागात पडतो.

म्हणून धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचा इतिहास आम्हाला मोलाचा वाटतो. १९८४ साली मोठ्या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले, त्यातून हे गाव जागे झाले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने ठरवले की निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायचे. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर. शिवाय अभ्यासगट वेगळा ठेवला. तिथे नुसती चर्चा, निर्णय नाही. आमच्या मते खरी युक्ती हीच. निर्णयाची घाई नसली की झटपट बोलणाऱ्याचा फायदा संपतो. ज्याला शब्द उशिरा सापडतो, तो पुढच्या बैठकीत बोलू शकतो. बायांनाही सभेत बसवले गेले, कारण दारूबंदीसारखा विषय त्यांच्याशिवाय सुटणारा नव्हता. अशा सभा लांबतात, कंटाळाही येत असेल. मोहल्ल्याच्या किती बैठकांना एवढा सब्र परवडतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

२००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तोवर बांबू कोणी तोडायचा नि कुठे न्यायचा, हे वनखात्याच्या कचेरीत ठरत होते, मराठीत.