नोंदवही, यंत्र आणि घर : रायगड किनाऱ्यावरील हवामान-नोंदींचा इतिहास आणि घरगुती हवामान केंद्रांतील रिसेटचा प्रश्न

प्रस्तावना :

हवामानाची नोंद ठेवणे ही दीर्घकाळ सरकारी वेधशाळांची आणि बंदरांची बाब होती. गेल्या दोन दशकांत या कामात घराचा प्रवेश झाला. गच्चीवर पर्जन्यमापक व वायुवेगमापक, दिवाणखान्यात एक छोटा पडदा आणि वायफायद्वारे कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी, असे घरगुती हवामान केंद्राचे सर्वसाधारण स्वरूप असते. या यंत्रावर ‘रिसेट’ नावाचे एक बटण असते. ते दाबल्यावर नेमके काय पुसले जाते, काय शिल्लक राहते आणि ते कोणाकडे शिल्लक राहते, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु त्याला एक इतिहास आहे. त्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग रायगड किनाऱ्याशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात कुलाबा-अलिबाग वेधशाळांच्या नोंद-परंपरेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत ‘कुलाबा’ जिल्हा म्हणून ओळखला जात असे आणि अलिबागच्या समुद्रातील किल्ल्याचे नावही कुलाबा असेच आहे. पुढील विवेचनातील ‘कुलाबा वेधशाळा’ मात्र मुंबई बेटावरील कुलाब्याची होय.

कुलाबा ते अलिबाग : नोंदीचे सातत्य

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा स्थापन केली. जहाजांना अचूक वेळ पुरविणे आणि खगोलीय वेध घेणे हा तिचा आरंभीचा हेतू होता. १८४१ पासून तेथे भूचुंबकीय व हवामानविषयक नोंदींना सुरुवात झाली. या नोंदी घेणाऱ्यांत अलिबाग तालुक्यातील नागाव येथे १८२५ साली जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे हे होते. पुढे गणिताचे व ज्योतिषाचे प्राध्यापक म्हणून विख्यात झालेल्या छत्रे यांनी तरुणपणी या वेधशाळेत सहायक म्हणून काम केले. ठरलेल्या वेळी यंत्र पाहणे, आकडा वहीत उतरविणे आणि पुढील वेळेची वाट पाहणे ही शिस्त नव्या पाश्चात्त्य शास्त्राची असली, तरी ती अंगी बाणविणाऱ्यांत या किनाऱ्यावरील माणसेही होती.

या शिस्तीचे मोल किती, हे एका घटनेवरून लक्षात येते. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी पृथ्वीवर अतितीव्र चुंबकीय वादळ झाले. त्या काळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून आकडे वहीत लिहून ठेवले. या नोंदींचा आधार घेऊन २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना व अॅलेक्स या संशोधकांनी त्या वादळाच्या तीव्रतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट झाल्याचे कुलाब्याच्या नोंदीवरून दिसून आले. ज्याने तो आकडा लिहिला, त्याला तो १४४ वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल याची कल्पना असणे शक्य नव्हते. तथापि त्याने तो पुसला नाही, आणि तो पुसण्याचा अधिकारही त्याला नव्हता. लखिना ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेशी संबंधित होते, तिचे मुख्यालय आज रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेल येथे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांची योजना पुढे आली. विद्युतप्रवाहामुळे चुंबकीय नोंदी दूषित होणार हे स्पष्ट होते. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे १८९६ पासून वेधशाळेचे संचालक होते. या पदावरील ते पहिले भारतीय होत. त्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली आणि १९०४ मध्ये तिचे काम सुरू झाले. मुंबईत विजेची ट्राम धावू लागली ती १९०७ मध्ये.

या स्थलांतराची पद्धत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अलिबागचे काम सुरू होताच कुलाब्याचे बंद केले गेले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या, म्हणजे दोन्हींतील फरक मोजता आला व नोंदमाला अखंड राहिली. १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी मूस यांनी १९१० मध्ये प्रसिद्धही केल्या. यंत्र बदलले, इमारत बदलली, गाव बदलले. नोंद मात्र तुटली नाही.

जुन्या यंत्रांतील ‘रिसेट’

रिसेट ही कल्पना संगणकयुगात जन्मलेली नाही. हवामान वेधशाळेत ती रोजच्या कामाचा भाग आहे. कमाल तापमापकात पाऱ्याच्या फुग्याजवळ नळी अरुंद केलेली असते. तापमान वाढले की पारा त्या अरुंद जागेतून वर चढतो, परंतु उतरताना आपोआप मागे येऊ शकत नाही. त्यामुळे दिवसातील सर्वोच्च तापमान तेथे ‘अडकून’ राहते. किमान तापमापकात अल्कोहोल व त्यात बुडालेली एक छोटी काडी असते. तापमान घसरले की द्रवाचा पृष्ठभाग काडीला मागे ओढत नेतो. तापमान वाढल्यावर द्रव पुढे जातो आणि काडी नीचांकावर थांबते. म्हणजे ही दोन्ही यंत्रे स्मरणशक्ती असलेली आहेत. मात्र त्यांना एकच आकडा लक्षात राहतो. पुढील दिवसाचा आकडा हवा असेल, तर पहिला तापमापक झटकून आणि दुसरा तिरका करून जागेवर आणावा लागतो. पर्जन्यमापकाचेही तसेच. भारतात सकाळी साडेआठ वाजता मागील २४ तासांचे पाणी मोजून भांडे रिकामे केले जाते.

या कृतीचा क्रम ठरलेला आहे. प्रथम वाचन, मग वहीत नोंद, मग पुन्हा पडताळणी आणि त्यानंतरच यंत्र पूर्वस्थितीवर आणणे. जागेवर आणलेला तापमापक साध्या तापमापकाशी जुळतो की नाही, हेही पाहिले जाते. यातून तीन तत्त्वे स्पष्ट होतात. एक, यंत्राची स्मृती आणि नोंदवही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन, नोंद झाल्याखेरीज रिसेट नाही. तीन, रिसेटमुळे नोंदवहीतील एकही अक्षर बदलत नाही. नोंदवहीत निरीक्षकाच्या घराविषयी काही नसे. वेधशाळेचे ठिकाण, वेळ व आकडा एवढेच तीत असे. म्हणून ती जगापुढे ठेवताना कोणाचे खासगी जीवन उघडे पडण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

हवामानाबाबत गोपनीयता पाळली गेली ती राज्यसंस्थेकडून. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला उपयोग होऊ नये म्हणून ब्रिटनने हवामानाचे जाहीर अंदाज बंद ठेवले होते. शांततेच्या काळात प्रवाह उलट राहिला. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाचे कामच ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र आणण्याचे होते. जागतिक हवामान संघटनेने १९९५ मध्ये हवामानविषयक माहितीच्या मुक्त देवाणघेवाणीचा ठराव संमत केला. एकूणच, हवा सर्वांची आणि म्हणून नोंदही सर्वांची, ही धारणा दृढ झाली.

घरगुती केंद्र : तीन गोष्टी एका बटणाखाली

घरगुती केंद्रांची गरज नाकारता येणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यास सुमारे ७३ मि.मी.; त्याच पावसात महाड तालुक्यात दरडी कोसळल्या. थोड्या अंतरात एवढा फरक असेल, तर मोजक्या वेधशाळा पुरेशा नाहीत. राज्य शासनाने ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित केंद्रे उभारली, ती याच जाणिवेतून. आंब्यासारख्या फळपिकांच्या हवामान आधारित विमा योजनेत भरपाई अशा संदर्भ केंद्राच्या नोंदीवर ठरते. म्हणजे मुरूड वा श्रीवर्धनच्या बागायतदारासाठी पावसाचा किंवा तापमानाचा आकडा हा उत्पन्नाचा प्रश्न आहे. आपल्या बागेतील आकडा मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहावा असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु वेधशाळेत वेगळ्या असलेल्या गोष्टी घरगुती केंद्रात एकत्र आल्या. यंत्राची स्थिती (दुरुस्ती-गुणांक, पावसाची बेरीज), हवामानाची नोंद (तापमान, पाऊस, वारा) आणि घराची ओळख (वायफायचे नाव व पासवर्ड, खाते, अक्षांश-रेखांश) या तिन्ही एकाच उपकरणात व एकाच खात्यात साठविल्या जातात. रिसेटचे बटण मात्र बहुधा एकच असते. त्याचा परिणाम पुष्कळदा मालकाच्या अपेक्षेच्या उलट होतो. यंत्रातील गुणांक व बेरजा, ज्या राहाव्यात, त्या जातात. सर्व्हरवरील खाते, ठिकाण व जुन्या नोंदी, ज्यांचा निर्णय मालकाने स्वतंत्रपणे घ्यावा, त्या तशाच राहतात. रिसेट केलेले यंत्र विकले किंवा दुसऱ्यास दिले, तरी कंपनीकडील खाते बंद झाले असे होत नाही. उलट, रिसेट न करता दिलेल्या यंत्रात घराच्या वायफायचा पासवर्ड राहू शकतो.

धोका काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेतील सान्स संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने दाखवून दिले की, नेटाट्मो कंपनीचे घरगुती हवामान केंद्र पहिल्या जोडणीनंतर आपल्या स्मृतीतील मजकूर, वायफायच्या पासवर्डसह, सांकेतिक रूप न देता कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवीत होते. कंपनीने ही बाब मान्य करून दुरुस्ती केली. दुसरा प्रश्न मालकीचा आहे. हजारो घरगुती केंद्रांच्या नोंदी एकत्र करणारे ‘वेदर अंडरग्राउंड’ हे जाळे २०१२ मध्ये द वेदर चॅनेल कंपनीकडे, २०१६ मध्ये आयबीएमकडे आणि २०२४ मध्ये फ्रान्सिस्को पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेकडे गेले. एका संस्थेवर विश्वास ठेवून सुरू केलेली नोंदवही अशा रीतीने इतरांच्या हाती जाते.

रायगड किनाऱ्यावर हा प्रश्न अधिक टोकदार होतो. अलिबाग-मांडवा-मुरूड पट्ट्यात मुंबईकरांचे असंख्य बंगले आठवड्याचे पाच दिवस बंद असतात. गच्चीवरील तापमान घराविषयी काही सांगत नाही. घरातील तापमान, आर्द्रता व कार्बन डायऑक्साइड मात्र बरेच सांगतात. माणसे आली की कार्बन डायऑक्साइड वाढतो, वातानुकूलन यंत्र सुरू झाले की आर्द्रता उतरते आणि घर रिकामे झाले की रेषा सपाट होते. ही रेषा व नकाशावरील अचूक बिंदू एकत्र पाहणाऱ्यास घर कधी मोकळे असते हे कळण्यास पंचांगाची गरज नाही.

वादळाच्या दिवशी दुसरी बाजू दिसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि अनेक गावांचा वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. अनेक घरगुती यंत्रे नोंद स्वतःजवळ न ठेवता केवळ पुढे पाठवितात. अशा वेळी वीज व इंटरनेट गेले की नोंदही जाते. कागदी वहीला ही अडचण नव्हती. ज्या दिवसाची नोंद सर्वांत मोलाची, त्याच दिवशी स्मृती कोरी राहणे हा रचनेचा दोष होय.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य केले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविण्यात आली आहे. या कायद्याने व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा अधिकार दिला. तथापि व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. नोंदी जाहीर नकाशावर दाखविण्यास संमती देताना मालक बहुधा पावसाचा विचार करतो, आपल्या घराच्या बिंदूचा नाही. म्हणून केवळ पुसण्याचा अधिकार पुरेसा नाही. काय जाहीर होत आहे हे आधी वेगळे करून विचारले गेले पाहिजे.

समारोप :

कुलाबा-अलिबागच्या परंपरेवरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. यंत्र जागेवर आणणे, नोंद पुसणे आणि घराची ओळख काढून टाकणे या तीन स्वतंत्र कृती आहेत. त्यांसाठी तीन स्वतंत्र सोयी असाव्यात.

२. नोंद मालकाच्या हाती दिल्याखेरीज रिसेट होऊ नये. साडेआठच्या निरीक्षकाचा हाच नियम आहे.

३. यंत्र बदलताना काही काळ जुने व नवे समांतर चालवावे. अलिबागने हे १९०४ मध्येच दाखविले आहे.

४. घराबाहेरील नोंद सार्वजनिक करताना ठिकाण गावाच्या पातळीपर्यंत ढोबळ करावे आणि घरातील नोंद घरातच राहावी.

नोंदी जपण्याचा आग्रह आणि खासगीपणाचा आग्रह परस्परविरोधी आहेत, असा समज होण्याचा संभव आहे. इतिहास तसे सांगत नाही. १८५९ ची वही दीड शतक टिकली आणि जगाच्या उपयोगी पडली, कारण तिच्यात आकाश होते, निरीक्षकाचे घर नव्हते. आज दोन्ही एकाच पेटीत भरले गेल्याने मालकापुढे सर्व ठेवा किंवा सर्व पुसा असा खोटा पर्याय उभा राहतो. भीतीपोटी त्याने सर्व पुसले, तर किनाऱ्याच्या पावसाची एक नोंदमाला कायमची नष्ट होईल. सर्व ठेवले, तर घराचे दार उघडे राहील. पाऊस लिहून ठेवावा आणि घर झाकून ठेवावे, हा साधा भेद यंत्राच्या रचनेत परत आणणे हेच या प्रश्नाचे उत्तर होय.