तोडा आणि चकमक

इ. स. १७९१ च्या मे महिन्याच्या अखेरीस श्रीरंगपट्टणच्या परिसरात दोन मित्रसैन्यांची गाठ पडली. एक लॉर्ड कॉर्नवॉलिसचे. मार्चमध्ये प्रथम बंगळूरची पेठ व पाठोपाठ बंगळूरचा किल्ला घेऊन ते टिपूच्या राजधानीवर चालून गेले होते. परंतु दाणावैरण संपून आता मागे फिरण्याच्या अवस्थेत होते. दुसरे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे. मराठ्यांच्या छावणीतील बाजाराने इंग्रजांच्या उपाशी फौजेला अक्षरशः जगविले. म्हैसूरचा इतिहासकार विल्क्स याने त्या बाजाराचे मोठे चुरचुरीत वर्णन केले आहे. विलायती बनात आणि बर्मिंगहॅमचा चाकू यांपासून काश्मिरी शालीपर्यंत, नव्या मालापासून वापरून टाकलेल्या कपड्यापर्यंत, तेथे सर्व काही विकावयास मांडलेले होते.

बर्मिंगहॅमचा चाकू ज्यांच्या बाजारात सुखाने नांदत होता, त्या मराठ्यांच्या पायदळापैकी बहुतेकांच्या खांद्यावर मात्र तोड्याची बंदूक होती. शेजारी उभा असलेला कंपनीचा शिपाई चकमकीची बंदूक वापरीत होता. युरोपातील सैन्यांतून तोडा नाहीसा होऊन तेव्हा सुमारे शंभर वर्षे लोटली होती. मग इतक्या जवळून पाहिलेली, विकत मिळणारी आणि उघड उघड अधिक वेगाने चालणारी ही बंदूक मराठ्यांच्या मुलखात का रुजली नाही?

दोन्ही हत्यारांची घडण पाहिल्यावाचून ह्या प्रश्नाचा उलगडा होत नाही. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेला, धुमसत राहणारा दोर. चाप ओढला की पेटता तोडा रंजकावर टेकतो, रंजकाची आग कानातून आत जाते आणि बार उडतो. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीत एक साधी तरफ दस्त्याच्या आत बसविलेली असे. नळी लांब असून ती दस्त्याला चामड्याच्या किंवा तारेच्या बंधांनी आवळलेली असे. मोडली तर गावचा लोहार आणि सुतार मिळून ती दुरुस्त करीत. विलायती बंदुकीहून तिची गोळी लहान. पण लांब नळीमुळे, सावकाश नेम धरणाऱ्याच्या हाती ती दूरवर आणि अचूक लागे. नळीच्या आत आटे पाडण्याची कलाही हिंदी कारागिरांना अगदीच अपरिचित नव्हती.

चकमकीची बंदूक वेगळ्या जातीची. तिच्या घोड्यात गारेचा तुकडा पकडलेला असतो. तो पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पाडतो. त्यासाठी ताठ आणि न थकणारी कमान लागते, नीट पाणी दिलेले पोलाद लागते आणि गार लागते. ही गार थोड्याच बारांनंतर बोथट होते व बदलावी लागते. इंग्लंड-फ्रान्समध्ये खडूच्या थरांत सापडणारी उत्तम काळी गार दख्खनच्या काळ्या कातळात नाही. आपल्याकडील गारगोटी ठिणगी पाडते खरी, पण चुलीजवळची चकमक आणि दिवसाकाठी शेकडो बार उडविणारी पलटण यांच्या गरजा सारख्या नव्हेत.

ह्या नाजूक यंत्राचा खरा फायदा एकट्या माणसाला फारसा होत नसे. पेटता तोडा हातात घेतलेल्या माणसांना अंतर राखून उभे राहावे लागते, कारण शेजाऱ्याच्या दारूच्या थैलीची त्यांना भीती असते. चकमकवाले मात्र खांद्याला खांदा लावून उभे राहू शकतात, बंदुकीच्या तोंडाला संगीन लावून घोडदळाला अडवू शकतात, आणि कवायत पक्की असेल तर मिनिटाला दोन-तीन बार काढतात. रात्री ठिणग्यांची रांग शत्रूला दिसत नाही, हा आणखी एक लाभ. परंतु हे सारे गुण पलटणीचे आहेत. कवायत काढून घेतली तर उरते ती जवळच्या पल्ल्याची, आखूड, दुरुस्तीला अवघड अशी बंदूक. शिपायाने स्वतःच्या पैशाने दोहोंतून एक निवडावयाची झाल्यास तो तोड्याची बंदूक निवडील, आणि त्यात त्याचा मूर्खपणा मुळीच नाही.

मराठी फौजेत निवड बहुधा शिपायाचीच असे. शिलेदार आपले घोडे आणि आपले हत्यार घेऊन चाकरीला येई. भाड्याने येणारे अरब आणि रोहिले पायदळही आपापल्या बंदुका घेऊनच येत. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे आणि मृगापूर्वी घरी परतावे, ही ह्या राज्याची जुनी लय होती. पगार महिन्याच्या महिन्यास मिळणे दुर्मीळच. अशा व्यवस्थेत बारा महिने कवायत करणारी, एकाच मापाच्या नळ्यांची, सरकारी काडतुसांवर चालणारी पलटण ठेवावयाची म्हणजे केवळ बंदूक बदलून भागत नाही. खजिना, सरंजाम आणि चाकरीची रीत ही सारीच बदलावी लागतात. पुन्हा युरोपीय कंपन्या हिंदी राजांना ज्या बंदुका विकत, त्या बहुधा लष्करातून काढून टाकलेल्या असत. असले हत्यार ऐन वेळी दगा देई, आणि दोष मात्र साऱ्या जातीवर येई.

धारवाडच्या वेढ्यात परशुरामभाऊंबरोबर असलेल्या मूर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने मराठ्यांच्या तोफखान्याची यथेच्छ थट्टा केली आहे. तोफ भरावी, मग गप्पा माराव्यात, विडी-हुक्का ओढावा आणि सवडीने बार काढावा, असे तो लिहितो. वर्णन खोटे म्हणता येणार नाही; १७९० च्या शरदात सुरू झालेला तो वेढा १७९१ च्या एप्रिलपर्यंत रखडला. पण मूरची नजर बाराच्या गतीवर खिळलेली होती. त्या तोफांमागे दारूगोळ्याचा नियमित पुरवठा होता की नाही, हा प्रश्न त्याने अधिक विचारावयास हवा होता.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण म्हणून भौतिक विद्यांच्या अभावाकडे बोट दाखविले. राजवाड्यांच्या ह्या निदानात पुष्कळ तथ्य आहे. परंतु चकमकीच्या बाबतीत ते अपुरे पडते. कारण ह्याच दक्षिणेत, बंगळुरासारख्या गावात, ही बंदूक घडविली जात होती. ज्या बंगळुरात एके काळी शहाजीराजांची जहागीर होती, तेथे टिपूने आपल्या ‘तारामंडल’ कारखान्यांपैकी एक उभारला. इतर कारखाने श्रीरंगपट्टण, चित्रदुर्ग आणि बिदनूर येथे होते. फ्रेंच कारागीर मदतीस होते हे खरे, तरी भट्टीपुढे घाम गाळणारे हात बहुतांशी ह्याच मुलखातले होते, आणि म्हैसूरचे पोलाद तर पूर्वीपासून नावाजलेले. टिपूच्या काही बंदुकांच्या घोड्याला वाघाचा आकार दिलेला आढळतो. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले तेव्हा विजेत्यांनी केलेल्या मोजदादीत सुमारे ९९,००० बंदुकांची नोंद झाली.

म्हैसुरास जे साधले त्याचे कारण लोहाराच्या बुद्धीत नव्हते. हैदर आणि टिपू यांनी सरंजामदार मोडून महसूल सरकारच्या हाती आणला, आणि त्यातून खडे पायदळ पोसले. चकमकीला एक मोठे व ठरलेले गिऱ्हाईक मिळाले, ते म्हणजे सरकार. तेथेही किरकोळ प्यादे तोडाच वापरीत राहिले, ही गोष्ट बोलकी आहे.

मराठ्यांनी प्रयत्न केलाच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. फ्रेंचांच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी आपल्या पलटणी घेऊन सदाशिवरावभाऊंबरोबर पानिपतास गेला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी त्या पलटणींनी शर्थ केली. त्यानंतर बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांच्या हातून झाला. ‘गारदी’ ह्या शब्दाला पुण्यात जो काळिमा लागला तो कायमचा. थकलेल्या पगारासाठी वाड्यात घुसू शकणारे हत्यारबंद भाडोत्री पदरी बाळगावेत की नाहीत, असा विचार त्यानंतरच्या कारभाऱ्यांच्या मनात आला असल्यास नवल नाही.

अपवाद महादजी शिंद्यांचा. १७८४ पासून द बॉयनने त्यांच्यासाठी पलटणी उभ्या केल्या. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉट कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होऊ लागल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पलटणींच्या पगारासाठी दुआबातील मुलूखच द बॉयनला लावून दिला. पगार वेळेवर, म्हणून कवायत नियमित. कवायत नियमित, म्हणून चकमक कामाची. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानात ह्या परंपरेतील पायदळाने आणि तोफखान्याने वेलस्लीचे जबर नुकसान केले. परंतु लढाई जुंपण्याच्या सुमारासच शिंद्यांचे कित्येक युरोपीय अधिकारी नोकरी सोडून इंग्रजांकडे निघून गेले होते. बंदूक आपली, शिपाई आपला, पण हुकूम परक्याचा, अशी ती रचना होती. हुकूम देणाराच गेला तेव्हा तिचा कणा मोडला.

पुण्यात ह्याच गोष्टीचा शेवट अधिक करुण झाला. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांची छावणी दापोडीस होती आणि कॅप्टन फोर्ड त्यांचा सेनापती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस लढाई झाली तेव्हा पेशव्यांच्या पैशाने पोसलेली ती फौज इंग्रजांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पेशव्यांच्या बाजूने लढण्यास राहिले ते मुख्यतः गोखल्यांचे घोडदळ, आणि अरबांसारखे आपापले हत्यार घेऊन आलेले लोक.

चकमकीचे राज्य त्यानंतर फार दिवस टिकले नाही. १८४० च्या सुमारास तांब्याच्या टोपीची बंदूक आली आणि कंपनीच्या कोठारांतून चकमक हळूहळू हद्दपार झाली. १८५७ नंतर सरकारने हत्यारे काढून घेण्याचा सपाटा लावला आणि १८७८ च्या कायद्याने परवान्याची सक्ती झाली, तेव्हाही खेड्यापाड्यांतून घरांच्या आढ्यावरून खाली निघत होत्या त्या तोड्याच्याच बंदुका. बंगळुरात टिपूच्या कारखान्याची आठवण तारामंडलपेठ ह्या नावाने मागे राहिली आहे.