खेडची लढाई आणि त्यानंतरचा दोष

मेहकर तालुक्यांतील डोणगावासारख्या गांवीं इतिहासाचा विषय निघाला कीं बोलणें सिंदखेडाकडे वळतें. लखुजी जाधव, जिजाबाई, आणि त्याच कुळांतील धनाजी. हीं नांवें आम्ही अभिमानानें घेतों. धनाजीनें खेडास काय केलें, हा प्रश्न मात्र सहसा कोणी काढीत नाहीं.

१७०७ सालीं औरंगजेब वारला व मोगलांच्या कैदेंतून शाहू स्वदेशीं आला. ताराबाईनें त्याला तोतया ठरवून धनाजी व परशुरामपंत प्रतिनिधी यांस त्याजवर धाडिलें. १२ ऑक्टोबर रोजीं खेड येथें लढाई झाली, आणि धनाजी शाहूस मिळाला. ताराबाईच्या लेखीं तो फितूर. शाहूच्या लेखीं खऱ्या धन्यास ओळखणारा. आम्ही दुसरा पक्ष घेतों तो बहुधा तो जिंकला म्हणूनच.

परशुरामपंताची गोष्ट याहून बिकट. सातारा पडल्यावर तो कैद झाला. शाहूनें त्याला सोडून प्रतिनिधिपद पुनः दिलें, तोंच त्याचा मुलगा कृष्णाजी कोल्हापूरकरांस मिळाला. संतापलेल्या शाहूनें बापाला देहान्ताची शिक्षा फर्माविली आणि खंडो बल्लाळ चिटणिसानें रदबदली करून ती टाळली, असें सांगतात. १७१३ सालीं पद परत मिळालें. दुसरा मुलगा श्रीपतराव पुढें साताऱ्याचा प्रतिनिधी झाला, व १७३० सालीं कोल्हापूरच्या संभाजीवरील मोहिमेंत तोच पुढें होता. एकेका दरबारांत एकेक मुलगा, ही घर राखण्याची युक्ति होती असें कोणी म्हणेल. असेलही. पण अशा घरांत अपराधी कोणास म्हणावें?

इंग्लंडांत यादवीनंतर, १६६० सालीं, दुसऱ्या चार्लसच्या राज्यांत माफीचा कायदा झाला. राजवधांतील माणसें वगळून इतरांचे अपराध विस्मरणांत टाकावे, असें त्यांत ठरलें. आमच्याकडे असा कायदा झाला नाहीं. झाली ती हद्द. १३ एप्रिल १७३१ च्या तहानें वारणेच्या उत्तरेस शाहू व दक्षिणेस संभाजी, अशी वांटणी झाली. दोष कोणाचा, हें त्यांत कोणी विचारलें नाहीं, आणि म्हणूनच कदाचित् तो तह टिकला.

ताराबाई मात्र शाहूच्या आश्रयास साताऱ्यांत राहिली. शाहूच्या मागें, आपला नातू म्हणून तिनें रामराजास पुढें केलें. तो गादीवर बसला आणि १७५० सालीं तिनेंच त्याला किल्ल्यांत कोंडलें. १७५२ सालीं जेजुरीस देवापुढें शपथ घेऊन, हा आपला नातू नव्हे, असें तिनें सांगितलें. पंचेचाळीस वर्षांपूर्वीं शाहूस लाविलेला शब्द तिनें आतां त्याला लाविला.