खवल्यांसकट

आमच्या घरी मासा आला की पहिलं काम खवले काढण्याचं. अम्मी परसात विळी घेऊन बसायची, शेपटीकडून डोक्याकडे मासा घासायची आणि खवले चहूकडे उडायचे. संध्याकाळी नमाजाला उभी राहिली तरी एखादा तिच्या मनगटावर चमकत असायचा. मामू तेव्हा मुंबई-बसरा बोटीवर नोकरीला होते. एकदा बसऱ्याहून रेल्वेने ते बगदाद पाहून आले आणि सांगू लागले, की तिथे नदीकाठी मासा खवल्यांसकट भाजतात. अम्मीला ते पटेना. "धुतात तरी का?" एवढंच तिने विचारलं.

त्या पदार्थाचं नाव मसगूफ. 'सक्फ' म्हणजे छत. त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. टिग्रिसच्या, म्हणजे अरबीतल्या दिजलाच्या, काठावर अबू नुवास नावाचा रस्ता आहे. अबू नुवास आठव्या शतकातला, मद्यावर कविता करणारा मोठा शायर. बगदादने त्याच्या नावाने मशीद नव्हे, नदीकाठचा खाण्यापिण्याचा रस्ता ठेवला, याचं मला फार कौतुक वाटतं. तिथल्या हौदात मासे जिवंत ठेवलेले असतात. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं. मग मासा पोटाकडून न चिरता पाठीकडून चिरतात, पुस्तकासारखा उघडतात आणि मीठ लावतात. कुणी हळद, कुणी चिंचेचा कोळही लावतं. नंतर दोन खुंट्यांवर अडकवून तो जाळाच्या बाजूला उभा करतात. उघडा मांसाचा भाग विस्तवाकडे, खवले बाहेर. लाकूड जर्दाळूचं किंवा दुसऱ्या फळझाडाचं. तास-दीड तास, कधी त्याहून जास्त, तो नुसत्या धगीवर आणि धुरावर शिजतो. शेवटी खवल्यांची बाजू खाली करून निखाऱ्यांवर ठेवतात.

इथे खवल्यांचं काम कळतं. ते काढले तर निखाऱ्यावर कातडी फाटेल, चरबी आगीत गळेल आणि मासा मोडून पडेल. खवले असले की तेच ताट होतं. ते करपतात, आतलं मांस शाबूत राहतं. मंडळी भोवती बसून बोटांनी मांस उचलतात, रोटीबरोबर खातात. करपलेली पाठ तशीच टाकून देतात.

हा पदार्थ थेट सुमेरी काळापासून चालत आला, असं इराकी माणूस अभिमानाने सांगतो. दक्षिणेत एरिडू इथे 1946 ते 1949 या काळात उत्खनन झालं. तिथे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या देवळात, वेदीजवळ, माशांच्या काट्यांचे थर सापडले. देवाला मासा वाहत होते हे त्यावरून नक्की. पण तो पाठीकडून चिरला होता की पोटाकडून, हे काटे सांगत नाहीत. तेव्हा अभिमान खरा, पुरावा अर्धा.

खवल्यांचा धर्माशीही संबंध आहे. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आम्हाला मुशी चालते, शिंगाळा चालतो. शिया पंथाच्या फिक्हमध्ये मात्र खवले असलेलाच मासा हलाल, आणि तो पाण्याबाहेर जिवंत आलेला हवा. यहुदी लोकांचाही खवल्यांचा आणि परांचा नियम आहे. इराकमध्ये शिया बहुसंख्य, आणि 1950-51 मध्ये लाखभराहून अधिक यहुदी देश सोडून गेले तोवर बगदादमध्ये त्यांची वस्तीही मोठी होती. त्यामुळे नदीत जिर्री नावाचा बिनखवल्यांचा मासा असूनही या घरांत त्याला जागा नव्हती. मसगूफसाठी दुसरा मासा निवडताना पहिली चाळणी इथेच लागते.

जुने मानाचे मासे तीन: बुन्नी, शब्बूत आणि गत्तान. तिघेही गोड्या पाण्यातले, रोहूच्याच कुळातले. शब्बूतचा उल्लेख बॅबिलोनच्या यहुदी तालमूदमध्येही आहे असं अभ्यासक मानतात. बुन्नीचं घर दक्षिणेतल्या दलदलींत. तिथे बोरूची घरं बांधून, म्हशी पाळून, पाण्यावर राहणारी माणसं होती. 1991 च्या उठावानंतर सद्दाम हुसेनच्या सरकारने बांध घालून, कालवे खोदून त्या दलदली कोरड्या पाडल्या. बंडखोरांना लपायला जागा उरू नये हा हेतू. शतक संपेतो दलदलीचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. माणसं विस्थापित झाली, म्हशी गेल्या, बुन्नीही गेला. 2003 मध्ये लोकांनी स्वतः बांध फोडले आणि पाणी परत आलं, पण पूर्वीइतकं नाही. वर तुर्कस्तानात धरणं झाली होती. 2016 मध्ये या दलदलींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दर्जाने नदीला पाणी येत नाही, हे वेगळं.

मग ताटात आला कार्प. हा बाहेरून आणलेला मासा, गेल्या शतकाच्या मध्यापासून इराकच्या तळ्यांत वाढवला जाऊ लागला. आपल्याकडेही तो धरणांत सोडलेला आहे, बाजारात सायप्रिनस म्हणून मिळतो. अंगाने रुंद, चरबीचा, खवले मोठे आणि घट्ट. मसगूफला लागतं ते सगळं त्याच्यात आहे. बारीक काटे पुष्कळ, पण ते बुन्नीतही असतात. जुने खवय्ये नाक मुरडत राहिले आणि खातही राहिले. आज मसगूफ म्हटलं की बहुधा हाच मासा.

एकाच माशावर सगळा भार टाकला की काय होतं, ते 2018 च्या शरद ऋतूत दिसलं. युफ्रेटिसमध्ये तरंगत्या पिंजऱ्यांत वाढवलेले कार्प अचानक मरू लागले. पांढरी पोटं वर करून मासे नदीभर पसरले. हजारो टन गेले. लोक म्हणाले विषप्रयोग झाला. तपासणीत निघाला कोई हर्पिस नावाचा विषाणू, माणसाला न बाधणारा, पण कार्पचा काळ. त्यानंतर दुष्काळ पडला आणि 2023 मध्ये पाणी वाचवण्यासाठी सरकारने परवाना नसलेली मत्स्यतळी बंद करायला घेतली. ज्यांनी कर्ज काढून तळी खोदली, त्यांच्या घरी त्या साली काय शिजलं असेल, हा विचार मला सोडत नाही.

परदेशी गेलेले इराकी कार्प नसला तर सी बास किंवा ट्राउट घेतात. अंगणात आग पेटवता येत नाही म्हणून घरातल्या भट्टीतही भाजतात. ताटात एक गोष्ट मात्र असतेच: आंब्याचं पिवळं, आंबट लोणचं. त्याला ते 'अंबा'च म्हणतात. मुंबईत येऊन वसलेल्या बगदादी यहुदी व्यापाऱ्यांमार्फत ते बसऱ्याला पोचलं असं सांगतात. शब्द आपला, यात शंका नाही.

गेल्या हिवाळ्यात मी खाडीवर हा प्रयोग करून पाहिला. पापलेट बाद, खवले बारीक आणि अंग पातळ. रावसाचे खवले हात लागताच गळतात. तांबोशी चालली असती, पण कोळणीकडे जिताडा होता, तीन किलोचा, जाड खवल्यांचा, चरबीचा. "खवले काढू नका, पाठीकडून चिरा" म्हटल्यावर तिने माझ्याकडे अम्मीसारखंच पाहिलं. जर्दाळूचं लाकूड कुठून आणणार? वाळलेलं आंब्याचं लावलं. दीड तासाने मासा निखाऱ्यावर उतरवला. पाठ काळी झाली, पण एक तुकडा सुटला नाही.

मामू आता पंचाऐंशीचे आहेत, दात नाहीत. त्यांनी बोटाने मांस उचललं, बराच वेळ चघळलं आणि म्हणाले, "खारा आहे. तो नदीचा होता." मग थाळी पुढे सरकवून म्हणाले, "लोणचं आण."